तगरीचा चीक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, गुरूंपुढे बसले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता तर माझ्याबद्दल चांगलंच बोलला असता. तेच तर नको झालंय.

गुडघ्यानं दोन वर्षं घरात कोंडलं होतं. आता काठी घेऊन मी पुन्हा सकाळी शिवारात जायला लागलेय. नातसुना म्हणतात, आजीला फुलांचा नाद भारी. खरंय. पिवळाधम्मक तरवड दिसला की मी अजून थांबते. पण माझ्या अंगणात तगर का नाही, हे कुणी विचारत नाही. एकीनं रोप आणलं होतं. मी म्हटलं, मुंग्या होतात. खोटं हो — सराईत खोटं. तेराव्या वर्षापासूनचा हात आहे माझा.

तेव्हा आम्ही बोरीला होतो. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. गावोगाव धास्ती, तरण्या पुरुषानं शिवारात दिसू नये आणि वाढत्या पोरीनं उंबऱ्याबाहेर पडू नये, असे दिवस. माझं ओढ्यापलीकडच्या शेतात हुंदडणं एका दिवसात बंद झालं. राहिलं काय, तर घरामागची बाग. बाग वहिनीची — अण्णाची, माझ्या भावाची बायको. राणीसावरगावची. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आई गेल्यावर माझी वेणी तीच घालायची. आडाचं पाणी शेंदून शेंदून तिनं तगर, कण्हेर, मोगरा असं काही फुलवलं होतं की शेजारणी भिंतीवरून वाकून बघायच्या. मलाही ती बाग आवडायची. पण मला ओढा हवा होता. मी कोण? जहागीरदाराची लेक जणू! एवढं तोंड फुगवून बसायची की म्हशीनंही लाजावं.

आता आमच्या घरचा नेम ऐका. आजोबांना आम्ही आप्पा म्हणायचो. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन, ताजं फूल आणि बेल वाहिल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत. फूल तोडणारा हातही लिंगधारी हवा, आंघोळ झालेला आणि उपाशी. बेल आदल्या दिवशीचा चालायचा. फूल नाही.

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं होतं.

दिवेलागणीला सगळे देवापाशी असताना मी बागेत जायची. सकाळी उमलणारी कळी हाताला कळते — जरा गार, जरा फुगीर. एकेक खुडायची, ओच्यात घ्यायची आणि गोठ्यातल्या शेणाच्या पाटीखाली दाबायची. सकाळी बागेत फूल नाही. आप्पा लिंग हातात घेऊन बसलेले, दिवस वर आलेला, तोंडात पाणी नाही. अण्णाला बाहेर पाठवायची सोय नाही, आजीचे पाय वातानं धरलेले. वहिनी निघाली तर आजीनं अडवलं — जिच्या बागेत फूल नाही, तिच्या हातचं नको. मग उरलं कोण? आप्पा म्हणाले, पोर जाईल, म्हाताऱ्या भिवाला सोबत द्या. भिवा आमचा सालगडी, पण लिंगधारी नव्हे. आजी रडवेली झाली होती. मी मान खाली घालून उभी — हसू दिसू नये म्हणून.

काय त्या सकाळी होत्या! दवानं भिजलेली वाट, बांधावरची रुई, ओढ्याकाठची पांढरी कण्हेर. भिवा दर वळणावर थांबून कानोसा घ्यायचा, लांब धुरळा दिसला की मला ज्वारीत खाली बसवायचा. धुरळा जवळ येतोय का, ते मी ताटांआडून बघत राहायची — आणि खरं सांगू? तेही मला आवडायचं. घरी परडी भरून आणली की आप्पा पाणी प्यायचे. मी मोठी पुण्यवान!

आणि घरात रोज तीच एक धार वहिनीवर चालायची. तुझ्यापायी पोरीला जिवावर उदार होऊन बाहेर धाडावं लागतंय, म्हणायची आजी. एक दिवस भाकरी थापणाऱ्या वहिनीच्या मागं उभी राहून बोलली, "हिच्या हाताला कळी धरंना, कुशीला काय धरणार हाय?"

थापटणारा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी जवळच जेवत बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी भाकरी मागितली — दुसरी.

त्या संध्याकाळी तरी मी बागेत जायला नको होतं ना? गेले.

पुढं आजीनं अण्णाचे कान भरले. अण्णा बायकोकडं बघायचाही थांबला. तिला माहेरी पोचवायचं ठरलं — चार दिवस म्हणून, पण बोचकं बांधताना तिचं लुगडं न् लुगडं बांधलं गेलं, ते मी पाहिलं. गाडी जुंपली. मी दारात रडायलेय — हो, रडलेही, निर्लज्ज कुठली! तिनं माझा हात हातात घेतला. माझी बोटं तिनं उलटी केली. तगरीचा पांढरा चीक वाळला की काळपट होतो. नखांच्या कडेला बसतो. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. आजी दोन हातांवर उभी होती. ओरडून सांगायला एक क्षण पुरला असता तिला.

"चीक खोबरेल तेलानं निघतो गं," ती हळूच म्हणाली. "पाण्यानं न्हाई निघत."

आणि गाडीत बसली.

महिन्याभरात राज्य पालटलं. धास्ती गेली, वाटा मोकळ्या झाल्या, मी कुणाला न विचारता ओढ्यावर जायला लागले. कळ्या खुडायची मला गरजच उरली नाही. मग काय होणार? बाग फुलली. अशी फुलली की तगर पानं दिसू देईना. आजीनं शेजारणींना बोलावून दाखवली. बघा, म्हणाली, ती गेली आणि फुलं आली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

वहिनीला परत आणायचा विषय त्या दिवशी संपला. दोन माणसं राणीसावरगावला जाऊन सोडचिठ्ठीचं बोलून आली. ती पुढं कशी जगली, मला माहीत नाही. विचारलं नाही मी.

अण्णाचं दुसरं लग्न माघात लागलं. नव्या नवरीसाठी हार घरच्याच बागेतला हवा, असं आजीचं म्हणणं पडलं. फुलं मी तोडली. ओवलीही मीच, आणि सगळ्यांनी हाराचं कौतुक केलं. मग न्हाणीत जाऊन बोटांना खोबरेल तेल चोळलं.

चीक निघाला.