पहिला नंबर रद्द

नंबरकाका गाडीची नंबरप्लेट रंगवताना बोलायचे नाहीत. बोललं की श्वास हलतो आणि आठाचं पोट बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पण कोणी पिक्चरचं नाव काढलं की ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात जायचा, आणि ट्रकवाला कितीही घाईत असो, त्याची गाडी अर्ध्या नंबरावर उभी राहायची. एका ड्रायव्हरने एका टुकार पिक्चरला "टाइमपास आहे" म्हटलं, तर काकांनी त्याला अर्धा तास धरून ठेवलं. "तुझ्या आयुष्यातले तीन तास गेले आणि तुला राग येत नाही?" असं ते त्याला परत परत विचारत होते. शेवटी तो बिचारा नुसत्या 'एमएच १५' वर गाडी काढून पळाला.

नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ, टायरवाल्यांच्या रांगेत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत आमचं घर. दुकानाला लागून एक लांब भिंत होती. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी काका तिला चुना मारत आणि त्या वर्षीचे दहा सर्वोत्तम पिक्चर ऑइलपेंटने, क्रमाने, तिच्यावर लिहीत. ती यादी वर्षभर तशीच राहायची. मालेगाव-धुळ्याकडे जाणारे ड्रायव्हर गाडी हळू करून ती वाचायचे. पण लिहिण्याआधी सकाळपासून भांडण चालायचं. शेजारचे टायरवाले सलीमभाई, शाळेत इतिहास शिकवणारे एक सर, आणखी दहाबारा जण टायरांवर आणि बाकड्यावर बसायचे. नियम काकांचे. तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवल्याशिवाय मत नाही. पार्लरमध्ये व्हिडिओवर पाहिला असेल तर अर्धं मत. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या चुकल्या असतील तर पिक्चर पाहिलाच नाही असं धरायचं, कारण पाट्या कोणीतरी रंगवलेल्या असतात.

त्या टोळक्यात मत असलेली मुलगी मी एकटी. ते मत मला काकांनी दिलं. मी दहावीत होते, बाबांचा डबा घेऊन जात होते. सर एका पिक्चरच्या शेवटावर बोलत होते की आईला काहीच माहीत नसतं. मी चालता चालता म्हटलं, माहीत नसतं तर ती कपाटाला कुलूप का लावते? काकांनी ब्रश खाली ठेवला. सरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तीनदा पाहिलात ना? मग हे तुम्हाला का नाही दिसलं?" त्या डिसेंबरला त्यांनी मला बाकड्यावर जागा करून दिली. कोणी कुरकुरलं तर म्हणाले, तिने पाहिलाय, तिला मत आहे. मला तोवर कोणत्याच गोष्टीत कोणी मत विचारलं नव्हतं. हे मी त्यांचं कधी विसरले नाही, आणि म्हणूनच पुढचा राग इतका खोल गेला.

मी बारावीत होते त्या वर्षी एक पिक्चर आला. नाव घेत नाही. घेतलं तर वाचणारा कोणीतरी लगेच गाणं गुणगुणायला लागेल. त्यात नायक अर्धा पिक्चर नायिकेच्या मागे फिरतो. तिची बस अडवतो, तिच्या लग्नाची बोलणी मोडतो, मध्यंतराच्या आधी तिच्या दारात जीव द्यायला निघतो, आणि मध्यंतरानंतर ती त्याच्या प्रेमात पडते. थिएटरात शिट्ट्यांनी कान बधिर व्हायचे. त्या डिसेंबरला पहिल्या नंबराबद्दल भांडण झालंच नाही. काका उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. त्यातलं एक वाक्य पुढे चौकभर झालं: "नकार ऐकून जो परत फिरतो, त्याचं प्रेम कच्चं." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. भिंतीवर पहिला नंबर लाल रंगात चढला.

पुढच्या जूनमध्ये मी नाशिकरोडच्या कॉलेजात सायन्सला गेले. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क होते. त्या मालकाला सगळे शेठ म्हणायचे. त्यांचा मुलगा त्या डिसेंबरच्या बैठकीत मागे मोटरसायकलवर बसून होता. पावसाळ्यानंतर तो माझ्या स्टॉपवर उभा राहायला लागला. मी नाही म्हटलं. तो बसमध्ये मागच्या सीटवर यायला लागला. मी पुन्हा नाही म्हटलं. तो हसून म्हणाला, नकार ऐकून जो परत फिरतो त्याचं प्रेम कच्चं. मी आईला सांगितलं, तर तिने विचारलं, तू बघितलंस का त्याच्याकडे? एका सोमवारी सकाळी भरल्या स्टॉपवर त्याने खिशातून ब्लेड काढलं आणि माझ्यासमोर मनगटावर ओढलं. माझ्या फिजिक्सच्या जर्नलवर रक्ताचे थेंब पडले. लोक त्याच्याकडे धावले. त्याला चार टाके पडले आणि तो दुपारी चहा पीत होता. स्टॉपवरच्या बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या, किती जीव लावतो पोरगा.

संध्याकाळी बाबांनी मला कॉलेज बंद करायला सांगितलं. शेठशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. माझं जर्नल आईने बंबात घातलं.

दोन दिवसांनी काका घरी आले, ते बाबांवर भडकलेले. मुलाने हात कापला आणि शिक्षा मुलीला, हा कुठला न्याय, असं ते दारातूनच बोलत होते. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मी आतून बाहेर आले. माझ्या डोक्यात त्या क्षणी बाबा नव्हते, शेठचा मुलगाही नव्हता.

"काका," मी म्हटलं, "नकार ऐकून परत फिरणाऱ्याचं प्रेम कच्चं असतं ना? तो मला तेच सांगतो. तुमचं वाक्य आहे."

पाण्याचा पेला तसाच ठेवून काका निघून गेले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. काकू हरसूलकडच्या. त्या पिक्चरला कधी गेल्या नाहीत. अंधारात बसून दुसऱ्याचं रडणं बघायला पैसे कशाला द्यायचे, असं त्यांचं मत. त्या रात्री काका जेवेनात. पिक्चरमध्ये असंच असतं, ती शेवटी हो म्हणतेच, असं काहीतरी स्वतःशी बोलत बसले. भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "मी काय तो पिक्चर पाहिला नाय. पर ती पोरगी नाय किती बार म्हनली, येवढं सांगा." काकांना सांगता येईना. ज्या माणसाला कोणत्या गाण्यात कोणती साडी होती हे पाठ होतं, त्याला हे सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ते दुकान बंद करून नाशिकरोडला मॅटिनीला गेले. पिक्चर तिथे पुन्हा लागला होता. काचेवर खुणा करायची पेन्सिल घेऊन अंधारात बसले आणि ती नाही म्हणाली की डाव्या हातावर एक रेघ ओढत गेले. घरी येऊन त्यांनी बाही वर करून काकूंना हात दाखवला. कोपरापर्यंत रेघा होत्या. एकतीस. "एकतीस वेळा," ते म्हणाले, "आणि आधी पाचदा पाहिला, तेव्हा मला एकही ऐकू आलं नव्हतं."

तिथून ते शेठकडे गेले. आपल्या पोराला आवरा, असं त्यांनी सांगितलं. शेठच्या ट्रकांच्या नंबरप्लेटा म्हणजे काकांचं निम्मं काम, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेठ शांतपणे म्हणाले, "पोरं पिक्चर बघून येतात, तसं वागतात. मी तर तो पाहिलाही नाही. पहिला नंबर तुमच्याच भिंतीवर आहे ना?"

त्या रविवारी काकांनी सगळ्यांना बोलावलं. डिसेंबर नव्हता, तरी आले. काकांनी यादी बदलायचं काढलं आणि एकतीसचा हिशोब सांगितला. सर म्हणाले, कलाकृती वेगळी आणि आयुष्य वेगळं. अशी यादी मागे जाऊन बदलायला लागलो तर इतिहासाला काय अर्थ राहील. कोणी म्हणालं, पब्लिकने डोक्यावर घेतलाय, आपण कोण? कोणी हसून म्हणालं, हिरोइनचं नाही म्हणजे नाही नसतं, काका, तुम्हाला या वयात काय सांगायचं. हात मोजले तेव्हा काकांच्या बाजूने फक्त सलीमभाईंचा हात होता. सलीमभाई एवढंच म्हणाले, "मेरी भी बेटी है, भाई. और क्या बोलू?" ही सगळी माणसं मला लहानपणापासून ओळखत होती. माझ्या हातचा चहा प्यायलेली. आजही त्यांच्यातला कोणी रस्त्यात भेटला तर मी दुसरीकडे बघते.

काकांनी मतदान मानलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाल अक्षरांवर चुना मारला आणि तिथे काळ्या रंगात लिहिलं: 'पहिला नंबर रद्द. चूक माझी.' खाली सही केली.

चौकात गर्दी जमली. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेठच्या माणसांनी भिंतीवर डांबर फेकलं, काकांनी ते खरवडून पुन्हा लिहिलं. शेठचे ट्रक प्लेटा रंगवायला दुसरीकडे जाऊ लागले. लोक म्हणायचे, काय धाडस आहे या माणसाचं. आणि मी घरात तांदूळ निवडत बसले होते. कशाबद्दलची चूक, असं प्रत्येक जण विचारायचा आणि प्रत्येकाला माझं नाव सांगितलं जायचं. गल्लीत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. आईने लोकांकडे जाणं सोडलं.

मी एका दुपारी कोणाला न विचारता दुकानावर गेले. काका पत्र्याला प्रायमर मारत होते.

"मला विचारलं होतंत का?" मी म्हटलं. "भिंत तुमची, चूक तुमची, सही तुमची. पण त्यात मी आहे. मला एकदा तरी विचारायचं."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "पुन्हा तेच केलं मी." मग म्हणाले, "पुसू का? तू सांगशील ते."

मी विचार केला. शेठचा मुलगा रोज त्या चौकातून जायचा. "राहू द्या," मी म्हटलं आणि रडत घरी आले. त्या दिवशी मला त्यांचाही राग होता, माझाही होता, आणि कोणाचा जास्त ते ठरत नव्हतं.

माझं वर्ष गेलं. सायन्स गेलं ते कायमचंच. काकूंनी आईला रोज येऊन बोलून बोलून तयार केलं आणि मला सटाण्याला मामांकडे पाठवलं. तिथून मी बाहेरून बी.ए. केलं, मग बी.एड. प्रयोगशाळेचा वास मला अजून आठवतो, आणि आठवला की दिवस खराब जातो. शेठच्या मुलाचं काही बिघडलं नाही. त्याचं थाटात लग्न झालं, धंदा वाढला, आणि पुढे तर वाढदिवसाला द्वारकेत त्याचे फ्लेक्स लागायला लागले, हात जोडून हसणारे. मनगटात जाड सोन्याचं कडं. तो पिक्चर टीव्हीवर दर महिन्याला लागायचा आणि लोक त्याला 'निर्मळ प्रेमकथा' म्हणायचे.

काकांची बैठक मोडली नाही, पण बारा-पंधराची पाच माणसं झाली. मी नोकरीसाठी नाशिकला परतले तेव्हा पुन्हा जायला लागले. पहिल्याच वर्षी पाहिलं, भिंतीवर सात पिक्चर. दहा का नाहीत, असं एकाने विचारलं. काका म्हणाले, "दहा चांगले निघालेच पाहिजेत, असं सरकारने सांगितलंय का?" त्यांनी नवा नियम केला होता. कोणताही पिक्चर यादीत घ्यायचा असेल तर आधी त्याची गोष्ट त्यातल्या बाईच्या बाजूने सांगायची. पुष्कळांना ती सांगता यायची नाही. दोन मिनिटांत अडखळायचे, आणि काका म्हणायचे, जा, पुन्हा बघून ये. मला मात्र त्यांनी कधी सूट दिली नाही. तुझ्यावर अन्याय झाला म्हणून तुझं मत बरोबर ठरत नाही, असं ते तोंडावर सांगायचे, आणि मी तोंडावर भांडायचे.

मग रेडियमची अक्षरं आली. मशीनवर कापायची आणि चिकटवायची; आठाचं पोट कधी बिघडायचं नाही. काकांचं काम संपलं. साखरेने नजरही गेली. भिंत कोणीतरी गाळ्यासाठी पाडली. काका घरी खाटेवर पडून असायचे, आणि सलीमभाईंचा मुलगा सीडी लावून द्यायचा. ते ऐकायचे.

शेवटची यादी आम्ही दोघांनीच केली, त्यांच्या खोलीत. त्या वर्षी एक शांत पिक्चर आला होता, नवऱ्यामागे दुकान चालवणाऱ्या बाईचा. काकांना तो दुसरा हवा होता. मी म्हटलं, पाचवा. शेवटी दिग्दर्शक घाबरलाय, तिला उगाच दिराच्या हाताखाली दिलंय. काका म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कानांनी पाहिलंय, ती हाताखाली नाही, ती वाट बघतेय. मी म्हटलं, वाट बघणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या. त्यांचा आवाज चढला, माझाही. काकू म्हणाल्या, अहो, बीपी. मी पर्स उचलली आणि चहा न घेता निघाले. दाराबाहेर येईपर्यंत ते ओरडत होते.

आठव्या दिवशी काका गेले. मी गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सकाळीसुद्धा तेच बोलत व्हते. तिला सांग, दुसराच."

रागावून निघून आले, याचं मला वाईट वाटलं नाही. मी तो पिक्चर त्यानंतर तीन वेळा पाहिला आहे, पाट्यांपासून. पाचवाच आहे.