आत्यांनी काढलेली हवा

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी माझे दागिने पाहिले नाहीत की साड्या पाहिल्या नाहीत. माहेराहून टेम्पोतून आलेल्या माझ्या सायकलीसमोर त्या उकिडव्या बसल्या आणि चाक सावकाश फिरवत टायरवर अंगठा दाबू लागल्या. चाक एकदा पूर्ण फिरल्यावर म्हणाल्या, "मागचा पार गोटा झालाय. कधी बदललावता?"

"बाबांनी बसवला होता," मी म्हणाले. लग्नाच्या आदल्या वर्षी बाबा गेले होते.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला आमचं घर, दारात दोन म्हशी. सायकलला दोन्हीकडे किटल्या अडकवून आत्या तीस वर्षं घरोघर दूध घालत आल्या होत्या. दर सोमवारी धारा काढून झाल्या की त्या सायकल उलटी करायच्या. टायरची नक्षी गेली का, बाजूला चिरा पडल्यात का, कुठं सूत वर आलंय का, सगळं बोटांनी चाचपायच्या. वरचेवर पंक्चर व्हायला लागलं तर लोक ट्यूबला शिव्या देतात. त्या टायर आतून बघायच्या. "त्यो सांगत असतोय की," म्हणायच्या, "आपन ऐकत न्हाय."

रस्त्यातल्या परक्या माणसालाही त्या सोडत नसत. एकदा भाजी आणायला निघालो होतो, तर समोरून जाणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी हाळी घातली, "ओ पावणं! मागचं सूत दिसालंय, उतरा खाली!" ते बिचारे आपल्या धोतराकडे बघत थांबले. मी हसू दाबत होते. आत्या मात्र त्यांना टायरची चीर दाखवण्यात गुंग होत्या.

माझा टायर मी बदलणार नव्हते. अजून सहा महिने सहज निघेल, असं मी सांगून टाकलं. नवऱ्याने मान डोलावली. दोन बायकांच्या मधे त्याला पडायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला निघाले, तर मागच्या चाकात हवा नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी लवकर उठून अंगणात आले, तर आत्या खाली बसलेल्या आणि चाकातून फुस्स आवाज येतोय.

"आत्या!"

त्या दचकल्याही नाहीत. "व्हय, मीच. चालत जा शाळंला."

"माझ्या बाबांची वस्तू आहे. तुम्हाला काय करायचंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्या उठल्या. पदराला हात पुसत राहिल्या.

"माझी धाकटी भन हाय न्हवं शाहूवाडीत," त्या म्हणाल्या, "ती कालेजला सायकलीनं जायाची. टायर बघून मीच म्हनलं, जा, म्हयनाभर काय हुईत न्हाय. उतारावर फुटला. पाय मोडला त्यो नीट बसलाच न्हाय. कालेज बी ऱ्हायलं." सायकल भिंतीला टेकवत म्हणाल्या, "तिनं मला कदी बोल लावला न्हाय. त्येचंच लई वाटतंय."

आणि त्या म्हशींकडे गेल्या.

त्या दिवशी मी चालत शाळेत गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "आत्या, चला, टायर घेऊन येऊ." आम्ही दोघी सायकली हातात धरून दुकानापर्यंत गेलो. दुकानदाराने जुना टायर काढून उलटा केला. आतून अंगठाभर सूत तुटलं होतं. शाळेच्या वाटेवर केवढा उतार आहे, ते मला तेव्हा आठवलं. दुकानदाराने टायर कोपऱ्यात भिरकावला. आत्यांनी तो उचलून झाडला आणि माझ्या खांद्यावर अडकवला.

"बापाचं हाय. घरात ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर त्येच्यावर बसू नगंस."

भर दुकानात मला रडू आलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. दुकानदाराशी पुढच्या ब्रेकवरून वाद घालत राहिल्या.

त्यांनी मला कधी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. तशी त्यांची रीतच नव्हती. पुढे पुढे त्यांना विसर पडू लागला. आधी दुधाची घरं चुकू लागली, मग माणसं. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्याच्या थोडं आधीची गोष्ट. शाळेतून येऊन मी त्यांच्या खाटेपाशी बसले, तर त्यांनी पदर सावरला.

"या पावणं. कुठल्या म्हनायच्या तुमी?"

मी गावाचं नाव सांगितलं, पेठ वडगाव.

"आगं बया! माझी सून बी तिथलीच की." त्यांचा चेहरा उजळला. "बसा. च्या घिऊनच जावा. यील ती आता शाळंतनं."

"कशी आहे सून?" मी विचारलं.

"हट्टी हाय." मग माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पर ती आली की घर भरतंय बगा."

मी उठले नाही. चहाही ठेवला नाही. आम्ही दोघी दाराकडे बघत तिची वाट पाहत बसलो.