बापूंचा लांबचा शॉट

आमचे बापू लग्नातल्या भटजींनाही थांबवत. अंतरपाट दूर होताना एखादा मामा कॅमेऱ्यासमोरून गेला, की बापू हात उंच करून ‘परत एकदा’ म्हणत आणि अंतरपाट पुन्हा धरला जाई. बापूंच्या शूटिंगशिवाय लग्न पक्कं होत नाही, असा पालघर ते बोईसर पुष्कळांचा समज होता. बापूंचा तर होताच.

मी तेव्हा सरावलीत खोली घेऊन कारखान्यात कामाला होतो आणि मोबाईलवर सिनेमाचे धडे बघून दिग्दर्शक झालो होतो. फक्त जगाला ते कळायचं बाकी होतं. सुट्टीला मी बापूंचा दुसरा कॅमेरा धरी. उमरोळीच्या एका लग्नात मी सगळी कला ओतली: हळदीचे हात, मुंडावळ्यांचं थरथरतं टोक, अक्षतांत पडलेलं पाऊल, सगळं अगदी जवळून. पुढे घरची मंडळी व्हिडिओ बघायला बसली आणि ते पाऊल कोणाचं यावरून दोन आत्यांची जुंपली. नवरीची आई म्हणाली, छान आहे, पण लग्नाला कोण आलं होतं ते काही कळलं नाही.

बापू रागावले नाहीत, ते जास्त लागलं. “डायरेक्टर,” ते म्हणाले, “जवलून मानूस दिसतो. पन तो कोनाला सोडून चाललाय ते लांबून दिसतं.”

म्हणूनच पाठवणी ते नेहमी रस्त्याच्या टोकाला उभं राहून घेत. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांनी हा सिद्धांत काढला असावा, असं माझं मत होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, वैशूचं लग्न ठरलं. शिरगावला दारातच मांडव होता. बापूंनी मोठा कॅमेरा माझ्या हातात दिला. “पाठवनी तू घे. आज मी नुसता बाप हाय. आनि जवल येऊ नको.” मी मान डोलावली. बापूंचे भरलेले डोळे पडदाभर दाखवायचे, हे माझं कधीच ठरलं होतं.

गाडी निघाली. बापू रस्त्यात उभे. मी झूमच्या बटणाकडे बोट नेलं आणि मलाच रडू फुटलं. समोरचं काही दिसेना, बटण सापडेना. बापूंनी नंतर व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, “आज शिकलास.” ती शाबासकी मी निमूटपणे खिशात घातली.

गेल्या वर्षी बापू गेले. वैशू पाठवणीचा व्हिडिओ बघायला माझ्याकडे आली; तिने तो कधी बघितलाच नव्हता. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाचं हलतंचालतं चित्र तेवढंच होतं, आणि त्यात ते नखाएवढे, तेही पाठमोरे. बापूंचा चेहरा मी घेतला नाही, हे तिला कसं सांगावं?

लॅपटॉपच्या पडद्यावर गाडी वळून दिसेनाशी झाली. रस्ता रिकामा झाला. बापू भटजींना थांबवताना करत तसा हात उंच करून उभेच होते. मांडवातून कोणीतरी बोलावत होतं, तरी हलले नाहीत.

“मला वाटायचं, बाबा तवाच आत गेले, पंगतीचं बघायला,” वैशू म्हणाली. “मी रागानं मागं वलूनपन बघितलं नाय.”

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. तिने माझा हात धरला.

“परत एकदा,” ती म्हणाली.