हातमोजे विमानासाठी होते

"थांब. हात लावू नको. आधी हे घाल."

शेठनं रबरी हातमोज्यांची जोडी माझ्या तोंडावर फेकली. चापट बसावी तशी गालावर बसली. माझ्या हातांना जपायला नव्हती ती. विमान पांढरंशुभ्र होतं. माझ्या हातांचे डाग पडले असते.

यवतमाळची धावपट्टी. कपाशीवर फवारणीचे दिवस. फवारणारे मजूर डोळे सुजून, ओकाऱ्या काढत दवाखान्यात पडत होते, तेव्हाची गोष्ट. ते फवारणीचं औषध बनवणाऱ्या एका कंपनीचे मालक सकाळी स्वतःच्या विमानानं उतरले. मारेगावकडच्या एका गावात मजुरांना हातमोजे वाटायचे, फोटो काढायचे, संध्याकाळी परत. पण विमानाच्या पोटाखाली काळं तेल ओघळलं होतं. पायलट म्हणाला, गळती थांबल्याशिवाय उडवणार नाही. नागपूरचा इंजिनीअर नवं सामान घेऊन निघाला होता. तोवर गळती शोधायला कोणाचे तरी हात हवे होते. शेठनं मला आणलं. शेठ म्हणजे कृषी केंद्रवाला, त्याच कंपनीचं औषध विकणारा. त्याचे फवारणी पंप मी दुरुस्त करायचो.

विमान मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. पण आत होतं ते इंजिनच. पेट्रोलनं धुतलं, पुसलं, वरून टाल्कम पावडर भुरभुरली. पायलटनं दोन मिनिटं चालवून बंद केलं. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ उतरली होती. तिच्या मागानं वर गेलो. सिलिंडरातलं तेल खाली परत नेणारी बोटभर रबरी नळी. कडक झालेली, टोकाला चिरलेली.

कंपनीचे मालकसाहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. तेलाचा वास की माझा, कोण जाणे. म्हणाले, "नवीच लावा. एक थेंब गळता कामा नये. माणसं बसतात यात."

माणसं बसतात यात.

माझा मोठा भाऊ शेठच्याच वावरात रोजानं फवारायचा. आदल्या दिवशी तो शेठचा पंप घेऊन माझ्या दुकानात आला होता. पंपाची नळी चिरलेली. औषध पाठीवरून कमरेपर्यंत ओघळायचं. कातडी सोलून निघाली होती. नवी नळी पाहिजे म्हणून मी शेठला फोन केला. शेठ म्हणाला, "कायले पाहिजे नवी? रबर गुंडाळून दे. अन् त्याले सांग, पाठीवर पोतं टाक."

आणि मी गुंडाळून दिलं. मीच. याच हातांनी.

इंजिनीअर आला. त्यानं उभं राहून माझ्याकडून नवी नळी बसवून घेतली, पुन्हा इंजिन चालवून तपासलं, सही केली. खाली अंथरलेला कागद कोरडा. सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवले. शेठनं ड्रायव्हरला हातमोज्यांचे खोके गाडीत ठेवायला लावले. वर सांगितलं, "फोटो झाले का समदे मोजे गोळा करजो. उद्या वणीले लागतात."

मग माझ्याकडे वळला. "तूही काढ. पुसून वापस दे."

"नाही देत."

"काय म्हणला?"

"उद्या माहा भाऊ तुमच्याच वावरात फवारते. हे त्याच्या हातात जातीन. अन् त्या गळक्या पंपाले तो हात लावणार नाही."

शेठ हसला. "बाप्पा, विमानाले हात काय लागला, हा त उडूनच राह्यला. माहा एक पंप आता तुह्या दुकानात येणार नाही."

साहेबांनी गाडीत बसून काच वर केली.

मी हातमोजे घेऊन घरी आलो. भावाकडच्या पंपावरचं मीच गुंडाळलेलं रबर सोडलं आणि नळी कात्रीनं कापली. भाऊ ओरडला, काहून कापली, रोज बुडते ना. मी त्याला म्हटलं, सदरा काढ. त्यानं काढला. मी पाठीकडे बोट दाखवलं. त्यानं पंप उचलून दाराबाहेर ठेवला.

शेठची कामं गेली. जाऊ द्या. तेव्हापासून गळका पंप मी गुंडाळून देत नाही. मालकानं नवी नळी आणावी, नाहीतर पंप माझ्या दुकानात पडून राहील. हेच छापून गावोगाव वाटतो. पंप गळत असेल तर पाठीवर घेऊ नका. मालक म्हणेल, चालते. त्याला म्हणा, मग तूच चालव. चौघं मिळून पंप उचला आणि त्याच्या दारात नेऊन ठेवा.

एकटं जायची भीती वाटत असेल तर मला बोलवा. पंप मी उचलतो.