बहुत चेष्टा करती है

मिरज स्टेशनवर गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीच्या गजांतून केतकीच्या हातात हिंदीचं पुस्तक कोंबत होते. पाचवीचंच, तिनं वर्षभर वापरलेलं, वर खाकी कागदाचं नवं कव्हर. "घाबरायचं नाही," ते नातीला सांगत होते, पण बघत होते माझ्याकडे. "लिपी एकच आहे. बाराखडी तीच. वाचता आलं की झालं." आई मागे उभी राहून पदरानं डोळे टिपत होती. गाडी हलली तशी पुढे आली आणि म्हणाली, "नाही जमलं तर परत या गं. तुमची खोली कुणाला देत नाही मी." मी मान डोलावली. ते वाक्य मी दशम्यांच्या डब्याबरोबर दिल्लीला नेलं आणि दशम्या संपल्या तरी ते पुरलं.

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिलात त्यांना वाटतं, आम्ही ठरवून गेलो. अहो, कसलं ठरवून! देशाची दारं उघडली म्हणे, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि यांच्या कंपनीनं नोएडाला टीव्हीचा नवा कारखाना काढला. हे दोन महिने आधी गेले, आम्ही मायलेकी मागून. घर मिळालं ते एका सेक्टरात. पत्त्यात पेठ नाही, गल्ली नाही, मारुतीचं देऊळ नाही, नुसते आकडे. समोर रिकामे प्लॉट, त्यापलीकडे शेतं, आणि दुपारी अशी धूळ उठायची की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. मी अण्णांना पहिल्याच पत्रात लिहिलं, की इथला पत्ता म्हणजे गणिताचा पेपर आहे.

पण खरा घोळ शाळेचा. आपल्याकडे चौथी संपली की पाचवीला हायस्कूल. केतकीचं ते सगळं कौतुक मिरजेत होऊन गेलं होतं: नवा गणवेश, मोठं दप्तर, मोठी झाल्याची ऐट. इथे आल्यावर समजलं की पाचवीपर्यंत सगळी बाळं, मोठी शाळा सहावीपासून, तिला मिडल म्हणतात. म्हणजे माझी पोर मोठी होऊन पुन्हा लहान झाली होती आणि आता पुन्हा मोठी व्हायची होती. त्यात इथलं वर्ष एप्रिललाच सुरू झालेलं. त्यांचे चार-चार धडे झाले, तेव्हा ही मिरजेत पास झाल्याचे पेढे वाटत होती. गणित, विज्ञान इंग्रजीतून, बाकी वर्गात सगळं हिंदी. मराठी फक्त आमच्या स्वयंपाकघरात.

जुलैत सहावीच्या मुलांची आणि पालकांची मीटिंग झाली. मुलांना मिडलसाठी तयार कसं करायचं, ते सांगायला. आता प्रत्येक विषयाला वेगळी मॅडम, टाइमटेबल लावून दप्तर मुलांनी स्वतः भरायचं, आणि डायरी. "डायरी रोज़ देखिए, साइन कीजिए, और बच्चे से बात कीजिए," असं तीनदा सांगितलं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेजारची बाई म्हणाली, "आप तो बड़ी सीरियस हैं जी." सीरियस कसली, घाबरले होते. संध्याकाळी यांना रोजच्यासारखं म्हणाले, "बघू सहा महिने. नाही जमलं तर परत जाऊ." केतकी तिथेच पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती.

ऑगस्टात एके दिवशी डायरीत हिंदीच्या सरोज मॅडमच्या सुंदर अक्षरात दोन ओळी आल्या. "केतकी कक्षा में बहुत चेष्टा करती है। अभिभावक ध्यान दें।"

मी दोनदा वाचलं. लिपी एकच, बाराखडी तीच. चेष्टा करते! वर्गात! बहुत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परक्या गावात जाऊन, दोन महिने झाले नाहीत तोवर, मास्तरीणबाईंची टिंगल? केतकी म्हणाली, "आई, देवाशप्पथ, मी कुणाची चेष्टा नाही केली गं." मी म्हटलं, "मग मॅडम काय खोटं लिहितात?" आणि पाठीत एक धपाटा घातला. वर शिक्षा म्हणून हिंदीच्या वहीत पन्नास वेळा लिहायला बसवलं: मैं कक्षा में चेष्टा नहीं करूँगी। वाक्य मीच तयार करून दिलं. हिंदीत एक तरी वाक्य न अडखळता जमलं म्हणून मनातल्या मनात खूशही झाले, काय सांगू तुम्हाला.

त्यानंतर पोर गप्प झाली. शाळेतून आली की दप्तर ठेवायची, जेवायची, खिडकीशी बसायची. आधी रोज मला इंग्रजी शब्द विचारून भंडावून सोडायची, ते बंद झालं. मला वाटलं, चला, लागलं वळण.

दहा-बारा दिवसांनी वह्या तपासायला गेल्या आणि मला शाळेत बोलावणं आलं. सरोज मॅडमनी ते पन्नास ओळींचं पान माझ्यासमोर धरलं. "बहनजी, ये क्या है?" मी साडीचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मैडम, हमने उसको शिक्षा दी है. अब वो बिल्कुल चेष्टा नहीं करेगी."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "शिक्षा दी है... इसलिए चेष्टा नहीं करेगी?"

"हाँ जी. एकदम बंद."

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला बरं नाही असंच त्यांना वाटलं असणार. मग हळूच विचारलं, की चेष्टा म्हणजे मी काय समजते. आता टिंगलीला हिंदीत काय म्हणतात ते मला कुठे ठाऊक? मी सरळ तोंड वाकडं करून, मान हलवून, त्यांनाच वेडावून दाखवलं. भर स्टाफरूममध्ये! दोन बायका हसल्या. सरोज मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिक्षा मतलब पढ़ाई, और चेष्टा मतलब कोशिश, बहनजी. मैंने तो लिखा था कि बच्ची बहुत कोशिश करती है, घर पर थोड़ा ध्यान दे दीजिए. पहले हर सवाल पे हाथ उठाती थी. अब हाथ ही नहीं उठाती."

मी काय बोलले, कशी उठले, आठवत नाही. माझी पोर जीव तोडून प्रयत्न करत होती. तो मी धपाटा घालून बंद केला होता, आणि यापुढे प्रयत्न करणार नाही असं तिच्याच हातानं पन्नास वेळा लिहून घेतलं होतं.

शाळा सुटल्यावर दोघी चालत निघालो. मी विचारलं, "तुला माहीत होतं का गं, त्या शब्दाचा अर्थ?"

"हो. नंतर धड्यात आला होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुलाही माहीत असेल. तू रोज म्हणतेस ना, नाही जमलं तर परत जाऊ. तुला परत जायचंय. मग मला जमलं तर कसं जाणार आपण?"

रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग पडला होता. मी चांगल्या साडीनिशी त्यावर बसले आणि रडले. आमच्या वेळी आईबाप मुलांची माफी मागत नसत. मी मागितली. "चुकलं माझं," म्हणाले. "तू हात वर कर. जमव. माझं मी बघते." तिनं विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हणाले, पण खरं सांगते, नक्की काहीच नव्हतं. त्या रात्री सगळं ऐकून हे आधी पोट धरून हसले आणि मग उठून झोपलेल्या केतकीचं पांघरूण सारखं करून आले. ते परत जाण्याचं वाक्य मात्र आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. आठवड्याभरात केतकीचा हात वर गेला. सरोज मॅडमनी डायरीत लिहिलं, आणि यावेळी लिहिताना "कोशिश" लिहिलं.

आता समोरच्या शेतांचे टॉवर झालेत. कुणी मराठी कुटुंब बदलीवर आलं, घरात सहावीला जाणारं पोर असलं, की त्यांना माझ्याकडे पाठवतात. मी चहा करते आणि कागदावर लिहून देते: हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न, राग म्हणजे प्रेम. मग म्हणते, डायरी वाचा, पण सही करायच्या आधी पोराला विचारा. मीटिंगमध्ये तिसरी गोष्ट तीच सांगितली होती. मी ती वहीत लिहून घेतली होती आणि तेवढीच केली नव्हती.

अण्णा गेले, आई गेली, मिरजेची ती खोली आता भावाच्या सुनेची आहे. तिकडे गेले की रिक्षावाल्याला तोंडातून "भैया, ज़रा रोकना" निघतं आणि तो मला पाहुणी समजून लांबून नेतो. इथे तीस वर्षांनंतरही मी खालच्या मजल्यावरच्यांना "वो मराठी आंटी". घर कुठलं म्हणून विचारलंत तर अजून माझा गोंधळच होतो. मिरज म्हणावं तर तिथे माझं एक फडकंसुद्धा नाही, आणि नोएडा म्हणावं तर जीभ अडते.

परवा केतकीचा गुरुग्रामहून फोन आला. तिची इरा या एप्रिलला सहावीत जाते आहे. "आई, तू महिनाभर येऊन राहा ना. शाळेचं सगळं नवीन आहे, ती घाबरलीय. आणि यार, तिला मराठी शिकवायची मी इतकी चेष्टा केली, होतच नाहीये."

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चेष्टा केली म्हणाली माझी लेक, आणि मला पहिल्या झटक्यात प्रयत्न असंच ऐकू आलं होतं.

"येते," मी म्हणाले. "बघू. नाही जमलं तर..."

इतक्या वर्षांनी कुठून आलं ते जिभेवर, देव जाणे. फोनवर ती हळूच म्हणाली, "नाही जमलं तर काय, आई?"

"काय म्हणजे? परत चेष्टा करू."