अकरा ब्लाइंड शिल्लक

बावन्नाव्या वर्षी मी पोकर शिकले, कारण नवऱ्याचा उजवा अंगठा चालेनासा झाला.

त्याआधी पंधरा वर्षं मी या खेळाच्या विरोधात होते. दर रविवारी दुपारी बारा वाजता तो बेसमेंटमध्ये जाऊन कॉम्प्युटरवर एक टूर्नामेंट खेळायचा. एकच, ठरलेली, छोट्या प्रवेश फीची. तीन-चार तासांनी बहुतेक वेळा हरून वर यायचा आणि चहा टाकायचा. मी कपड्यांच्या घड्या घालत मनातल्या मनात धुसफुसत असायचे. इथे कॅनडात, वॉटर्लूमधल्या मराठी मंडळींपैकी कोणाचा फोन आला तर सांगायचे, ऑफिसचं काम करतोय. खोटं बोलायला मला कधी फार त्रास झालेला नाही. कामाचं असेल तर मी बोलते.

आधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मग बर्फ काढताना शोव्हल हातातून सुटायला लागलं. मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की हा मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हात, पाय, जीभ, गिळणं, श्वास, कुठल्या ना कुठल्या क्रमाने सगळं जाणार. डोकं शाबूत राहील. उपाय नाही. त्यांनी हे बऱ्याच चांगल्या शब्दांत सांगितलं, पण अर्थ एवढाच होता. घरी येताना गाडी मी चालवली. निम्म्या रस्त्यात तो म्हणाला, "रविवारी माउस तू धर."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायची गरज नाही. मी सांगीन ते दाबायचं."

तशी मी बेसमेंटमध्ये त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले.

नुसतं दाबत बसणं मला जमत नाही. मी एका डेंटल क्लिनिकची ऑफिस मॅनेजर आहे. कुठल्या पेशंटला कुठे बसवायचं, कोणाला पुढे ढकलायचं, हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे पहिल्याच रविवारी मी प्रश्न विचारायला लागले आणि त्याने उत्तरं दिली. त्याला शिकवायला आवडायचं. बोलताना तेव्हा जीभ थोडीशीच जड झाली होती.

त्याने सांगितलं ते असं. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स मिळतात. संपल्या की घरी जायचं, नव्या विकत घेता येत नाहीत. दर फेरीला प्रत्येकाला पाळीपाळीने पत्ते बघायच्या आधीच काही चिप्स टाकाव्या लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. आणि हा ब्लाइंड दर काही मिनिटांनी वाढत जातो.

"म्हणजे गप्प बसलं तरी चिप्स जातात?"

"गप्प बसलं तर नक्की जातात."

मी पडद्यावरचा आकडा वाचून त्याला सांगायचे, "नऊ हजार आहेत अजून, बक्कळ आहेत." तो वैतागायचा. "नऊ हजार म्हणजे काहीच नाही. ब्लाइंडने भाग दे. किती वेळा भरता येईल ते सांग." ब्लाइंड शंभरचा असेल तर नव्वद, मजेत खेळा. ब्लाइंड आठशेचा झाला की तेच नऊ हजार म्हणजे अकरा. चाळीसच्या वर असताना वाट बघता येते. विसाच्या आसपास जपून. दहा-बाराला आलं की दोनच गोष्टी उरतात. पत्ते टाकून द्यायचे, नाहीतर सगळ्या चिप्स एकदम पुढे सारायच्या.

"सगळ्या? आणि हरलो तर?"

"तर हरलो. पण अकरा असताना सारल्या तर समोरचा घाबरून पत्ते टाकतो, कारण आपण त्याला दुखवू शकतो. चार असताना सारल्या तर कोणी घाबरत नाही. उगाच गंमत म्हणूनही बघतात."

गणित म्हणून मला हे लगेच पटलं. हाताला पटलं नाही.

माझा स्वभाव पुरवून वापरण्याचा आहे. आमच्या फ्रीजरमध्ये दह्याच्या रिकाम्या डब्यांत सहा महिन्यांपूर्वीचं वाटण असतं. विंटर टायर अजून एक सीझन जातील असं मी लागोपाठ दोन सीझन म्हटलेलं आहे. माझ्या आजारपणाच्या रजा साठलेल्या होत्या, कारण कधी लागतील सांगता येत नाही. या सवयीवर आमचं घर उभं राहिलं, त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आता सासूबाईंविषयी. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, नागपूरला माझ्या नणंदेकडे राहतात. दर रविवारी सकाळी नऊला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, नवरा त्यांना फोन करायचा. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. नणंदेला माहीत होतं, पण तिलाही आम्ही गप्प बसवलं होतं. कारण नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आईला मी सांगणार. समोर बसून, माझ्या तोंडाने. फोनवर नाही आणि दुसऱ्या कोणी नाही." त्या आजाराने त्याचं काय काय घेतलं याची यादी मोठी आहे, पण त्याने मागितलेली गोष्ट ही एकच.

ऑगस्टमध्ये सासूबाईंनी विचारलं, "असा काहून बोलून राहिला रे तू? तोंडात काय आहे?"

मी फोन घेतला. "आई, दातांचं काम काढलंय त्याचं. आमच्याच क्लिनिकमध्ये. जरा दिवस लागतील."

उत्तम बहाणा होता. माझी नोकरीच ती. त्यानंतर कॅमेरा बंद ठेवायला लागलो, इंटरनेट नीट नाही म्हणून. सप्टेंबरमध्ये मी रूट कॅनाल सांगितलं, ऑक्टोबरमध्ये इम्प्लांट.

"अगं, दात तरी किती आहेत त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "मगर आहे का तो?"

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मला फोन ठेवावा लागला.

ऑक्टोबरच्या शेवटी हॉस्पिटलमध्ये नाकाला चिमटा लावून श्वासाची चाचणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, "प्रवासाचा विचार असेल तर आता जा. लवकर."

मी कामाला लागले. काम म्हणजे हिशेब. नोव्हेंबरात माझी बदली माणूस सुट्टीवर. डिसेंबरात भाडी दुप्पट आणि टोरांटोला वादळं. मुलगी मॉन्ट्रियलला शिकते, तिला सोबत न्यायचं तर तिची फेब्रुवारीतली सुट्टी बरी पडत होती. तिने फोनवर सांगितलं, "आई, जस्ट बुक इट. फर्गेट माय मिडटर्म्स." मी म्हटलं, एवढी फी भरून मिडटर्म फर्गेट करायच्या नसतात. फेब्रुवारीत तिकिटंही बरी होती, मधल्या थांब्यावर व्हीलचेअरला पुरेसा वेळ मिळेल अशी. मी सतरा फेब्रुवारीची तीन तिकिटं काढली आणि त्याला दाखवली. मला वाटलं, किती नीट जमवलं.

त्याने पडद्यावरची तारीख वाचली. मग म्हणाला, "आपण किती ब्लाइंडवर आहोत?"

"आज रविवार नाही," मी म्हटलं.

बोलण्याला तोपर्यंत कष्ट पडायला लागले होते आणि तो शब्द निवडून वापरायचा.

डिसेंबरातला एक रविवार मला पूर्ण आठवतो. आमच्याकडे अकरा ब्लाइंड उरले होते. आमच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले होते, आमच्यामागे तिघंच राहिले होते. पत्ते आले एक्का आणि अठ्ठी. त्याने लगेच सांगितलं, "सार सगळ्या."

मला अठ्ठी आवडली नाही. "थांब ना. यापेक्षा बरं काहीतरी येईल."

"सार."

"अरे, एवढं तीन तास टिकवलंय. एका अठ्ठीवर घालवायचं का?"

पडद्यावर वेळ दाखवणारी एक पट्टी असते, ती आखडत जाते. मी त्याच्याशी वाद घालत होते आणि बोट माउसवर तसंच होतं. पट्टी संपली. खेळाने आमचे पत्ते आपोआप टाकून दिले.

पुढच्या दोन फेऱ्यांत बरं काहीतरी आलं नाही, ब्लाइंड वाढला आणि आमच्याकडे चार उरले. मग राजा-राणी आली. "सार," तो म्हणाला, आणि या वेळी मी लगेच सगळ्या सारल्या. तिघांनी आव्हान घेतलं. त्यातल्या एकाकडे सत्ती आणि पंजी होती. जिंकला तोच.

"सत्ती-पंजी घेऊन कोण येतं?" मी चिडले. "अक्कल आहे की नाही?"

"चार ब्लाइंडवर," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सगळे येतात." आणि मग, "अठ्ठी चांगली होती."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि चहा टाकायला वर गेले. त्याला गिळता यावा म्हणून चहात घट्ट करायची पावडर घालावी लागायची, ती ढवळताना मला तिकिटं आठवली. सतरा फेब्रुवारी. दहा आठवडे होते. बदलायची म्हटलं तर दंड भरावा लागला असता, मुलीचं तिकीट वेगळं पडलं असतं. मी पावडर ढवळत राहिले. मनात म्हटलं, दहा आठवडे तर आहेत. मला त्या क्षणी माहीत होतं मी काय करतेय. नंतर कळलं वगैरे मी सांगणार नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा नाकाला चिमटा लावला. आकडा बघून डॉक्टर म्हणाल्या की विमानातल्या हवेत आता याचा श्वास पुरणार नाही. मशीन घेऊन, सोबत नर्स घेऊन कदाचित जमलं असतं, पण विमान कंपनी परवानगी देईलसं त्यांना वाटत नव्हतं. मी तरीही अर्ज केला. अकरा दिवसांनी नकार आला. तिकिटं रद्द केली.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "माझं चुकलं." त्याने मान हलवली. हो म्हणून की जाऊ दे म्हणून, ते मी विचारलं नाही. त्याच्या मानेलाही तेव्हा दोन्ही गोष्टी वेगळ्या दाखवणं कठीण जात होतं.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी फोन लावायला घेतला तेव्हा त्याने डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे खूण केली.

"चालू करू?"

त्याने डोळे मिटले. म्हणजे हो.

"मग आज सांगायचं आहे?"

पुन्हा डोळे मिटले. मग मोठा श्वास घेऊन त्याने मला सांगितलं, "तू बदलू नको." हे तीन शब्द मला कळले, कारण मी दिवसभर त्याच्याजवळ असायचे. मी म्हटलं, "नाही बदलत. तू म्हणशील तेच सांगीन."

कॅमेरा चालू झाला. सासूबाई नणंदेच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या होत्या, स्वेटर घालून. सहा महिन्यांनी त्यांनी मुलाला पाहिलं. गालाची हाडं, मानेला आधार देणारा पट्टा, पातळ झालेले हात. तो बोलायला लागला. वाक्य लांब होतं, त्याने ते कितीतरी दिवस तयार केलेलं असणार. अर्ध्यावर थांबला, श्वास घेतला, पुरं केलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते तो?"

दाताचं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. सवय होती.

मी सांगितलं, "आई, तो म्हणतोय की त्याला मोठा आजार आहे, तो यातून बरा होणार नाही. त्याला हे तिथे येऊन, तुमच्याजवळ बसून सांगायचं होतं, पण आता त्याला विमानात बसता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "दाताला सहा महिने लागत नाहीत, एवढं समजते मला," त्या म्हणाल्या. "दिवाळीलाच समजलं होतं. तुम्ही येणार म्हणत होते, म्हणून मी विचारलं नाही. म्हटलं येईल तेव्हा सांगेल तो."

म्हणजे त्याही थांबल्या होत्या. दिवाळीत तो सरळ, पूर्ण वाक्यं बोलत होता. सावकाश, पण कोणालाही कळतील अशी.

"तू सरक बाजूला," सासूबाई मला म्हणाल्या. "मला त्याच्याच तोंडून ऐकू दे."

मी खुर्ची मागे घेतली. तो पुन्हा बोलला. या वेळी मगाचं वाक्य नव्हतं, दुसरं काहीतरी होतं, लहान. मध्ये दोनदा थांबला. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली, पण मी पुसायला उठले नाही, कारण मध्ये गेले असते तर कॅमेऱ्यासमोर आले असते.

"हो रे," सासूबाई म्हणाल्या. "समजलं."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मला समजलं नव्हतं.