अणुकाकांची किरणं

अणुकाकांना डास चावत, पण चावलेला डास घरी परत जात नाही, असं काकांचं म्हणणं होतं. अंगणात बाज टाकून ते उघड्या अंगानं बसत आणि दंडावर बसलेल्या डासाकडे कीव आल्यासारखं पाहत. डास उडाला की म्हणत, "गेला बिचारा. नालीपर्यंतबी नाही पोचत आता." आम्ही पोरं नालीपर्यंत धावायचो. तिथं मेलेले डास नेहमीच असायचे, त्यामुळे काकांचा शब्द कधी खोटा पडला नाही.

काका फौजेतून रिटायर होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा माझ्याच वर्गात, घरं समोरासमोर. राजस्थानच्या वाळवंटात अणुस्फोटासाठी जे खड्डे खणले, ते खणणाऱ्यांत आपण होतो, असं काका सांगत. "आमाले सांगतलं, विहीर खोदा. फौजेत पाणी लागलं का म्हणून कोणी इचारत नाही." झालं, आमच्या गल्लीनं त्यांचं अणुकाका करून टाकलं. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभं राहून दगडांनी आपल्याच सोयऱ्यांची डोकी फोडणारं आमचं गाव. त्याला गल्लीत एक अणुबॉम्बवाला राहायला आला याचा अभिमान वाटला तर नवल नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याजवळच्या खुर्च्यांत त्यांची एक खुर्ची ठरलेली असे.

काकांच्या घरात जे जे बिघडे त्याचं कारण किरणं. अंगणातलं संत्र्याचं झाड चिंचेला लाजवेल अशी आंबट फळं देई. काका त्याच्या बुंध्याशी चुळा भरतात म्हणून. टीव्हीवर मुंग्या दिसू लागल्या की काकू ओरडत, "बाजूले सरका हो जरा!" आणि काका खरंच सरकत. समोरच्या एका आजीनं सुचवलं, "जामसांवलीच्या देवळात नेऊन आणा, तिथं लागलेलं उतरते." काकू म्हणाल्या, "आमच्यात नाही जात. अन् उतरलं तं मंग हे दिवसभर बोलतीन काय?"

तेव्हा दुपारी केबलवर हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे लागत. त्यांत अणुबॉम्बचा उपयोग एकच: किरणं लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत ताडाएवढा होई आणि एका बुक्कीत ट्रक उलटवी. आम्ही काकांना नेऊन टीव्हीसमोर बसवत असू. ते जाणकारासारखे पाहत आणि शेवटी म्हणत, "दाखवते तितकं नाही. पण आहे थोडं." एकदा पावसाळ्यात संत्र्यांनी भरलेला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी चिखलात रुतला, तेव्हा पोरांनी काकांना ओढतच नेलं. मागे आधीपासून वीस माणसं जोर लावत होती. काकांनी दोन बोटं टेकवली, त्याच वेळी ड्रायव्हरनं चाकाखाली पोतं टाकून गाडीला रेस दिली आणि टेम्पो निघाला. वीस माणसांचा घाम वाया गेला, नाव दोन बोटांचं झालं. काकांनी वर ड्रायव्हरला बजावलं, "मी हात लावलेली संत्री वेगळी ठेव बे. लहान लेकराले देऊ नको."

जपानात समुद्र गावांत शिरला आणि तिथली अणुभट्टी फुटली, तेव्हा तर काकांचा भाव गगनाला भिडला. हिंदी चॅनलवाले ती किरणं उद्याच इटारसीपर्यंत येतील अशा आवाजात ओरडत होते. सगळी गल्ली काकांच्या अंगणात. काकांनी हुकूम सोडला: खिडक्या लावा, पाण्याची भांडी झाका, गच्चीवरच्या कुरडया आत घ्या. बायकांनी शिव्या देत देत कुरडया उतरवल्या. दुपारी चारला गारपीट झाली. अख्ख्या मोहल्ल्यात कुरडया वाचल्या त्या फक्त आमच्या गल्लीच्या. काका म्हणाले, "मी काय सांगून राहिलो होतो?" त्यांनी गारांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्याच संध्याकाळी टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातला एक माणूस तिथल्या एका चिमुरडीच्या अंगावरून यंत्र फिरवताना दिसला, तेव्हा काकांनी उठून टीव्ही बंद केला. आम्ही ओरडलो, तर ते आमच्यावर खेकसले. त्यांना खेकसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एवढी एक गोष्ट सोडली तर ते फक्त एकाच विषयावर चिडत. स्फोट झाला तो दिवस बुद्ध पौर्णिमेचा होता. "इकडं हिनं खीर करून ठेवली, विहारात पंचशील सुरू, अन् मी तिकडं! वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस काय झोपले होते?" हे ते दरवर्षी खीर खाताना म्हणत आणि दरवर्षी दोन वाट्या खात.

प्रज्ञाला सौंसरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, शांत, प्रज्ञाला फोटोतच आवडलेला. पण तिचा बायोडेटा सौंसरला पोचायच्या आत बापाचं टोपणनाव पोचलं. याआधी दोन स्थळं याच पायी परत गेली होती, हे काकूंनी तोवर कोणाला कळू दिलं नव्हतं. पाहायला आले त्या दिवशी आलूबोंड्यांचं ताट माझ्या हातात होतं. मुलाच्या मावशीनं एक आलूबोंडा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "भाऊ, रागावू नका. तुमाले त्या बामचे किरणं लागले म्हणते लोक. उद्या पोरीले लेकरंबाळं कशी होतीन?"

काकांनी प्रज्ञाकडे पाहिलं. मग ते मोठ्यानं हसले.

"किरणं? बाप्पा! अवो बाई, मी जबलपूरले लंगरात होतो. कांदे सोलत होतो सारी नोकरी. पोखरण तं मले नकाशातबी सापडत नाही."

"बाबा, खोटं काऊन बोलून राहिले?" प्रज्ञा उभीच राहिली.

"खोटं आतापर्यंत बोललो. आता खरं बोलून राहिलो."

"माहे बाबा तिथं होते," प्रज्ञा पाहुण्यांना म्हणाली. "पटत असन तं बोला, नाहीतं आलूबोंडे खा अन् निघा."

काकांनी घाईनं मावशीपुढे हात जोडले. "पोरगी साधी आहे. बाप सांगन त्याच्यावर भरोसा ठेवते. असा गुण सुनेत शोधून सापडत नाही."

मुलगा पहिल्यांदा बोलला, "मले कांदे सोलणारे सासरे चालते." सगळे हसले आणि लग्न ठरलं.

गाव मात्र काही विसरणारं नव्हतं. महिनाभरात अणुकाकांचे कांदाकाका झाले. चहाच्या टपरीवर त्यांच्यापुढे कोणीतरी कांदा ठेवी आणि म्हणे, "घ्या, फोडा बाम." सव्वीस जानेवारीची खुर्ची गेली. काका झेंड्याला जात, मागे पालकांत उभे राहत. या सगळ्यात गावापेक्षा मी जास्त निर्दयी होते. शाळेत असताना 'माझा आदर्श' या निबंधात मी काकांवर लिहून कप मिळवला होता. तो कप मी त्यांच्या बाजेवर नेऊन आपटला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "राहू दे व. लसूण ठेवाले बरा आहे." मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसले तर ते आपणहून "जयभीम बेटा" म्हणत, आणि मी मोबाइलमध्ये पाहत असे.

प्रज्ञा बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी दवाखान्यात मी, काकू आणि काका असे तिघंच होतो. सौंसरची मंडळी निम्म्या वाटेवर आल्याचा फोन आला होता. सिस्टरनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं आणि म्हणाली, "मुलगी आहे." काकांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बाळ घेतलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि दुपटं सोडलं. एक मूठ उघडून बोटं मोजली. मग दुसरी मूठ. मग पाय. मग दोन्ही कान बघितले, करंगळीनं ओठ जरासा उघडून टाळू पाहिली. आणि पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरुवात केली.

"काका, थंडी वाजन तिले!" सिस्टर रागावली.

काकांनी बाळ काकूंच्या हातात दिलं आणि ते होते तिथंच खाली फरशीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

काकू बाळाला गुंडाळत हळूच मला म्हणाल्या, "प्रज्ञाच्या वेळी बी असेच मोजले होते. तीन खेपा. डॉक्टर सांगून राहिले होते, काही होत नाही म्हणून. पण दुसरं लेकरू काही ह्यायनं होऊ देलं नाही."

कांदे सोलून कोणी असं मोजायला शिकत नाही, एवढं कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. "काका," एवढंच म्हटलं आणि रडू लागले.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. काकांनी बाहीनं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"ऊठ व," ते म्हणाले. "अन् कोणाले सांगू नको. सौंसरवाले येऊन राहिले."

मग ते भिंतीला धरून उभे राहिले, दारापर्यंत गेले आणि मावशींना पाहून जोरात म्हणाले, "या, या! सोलायले कांदे तं नाही आणले ना सोबत?"

गेल्या वर्षी काका हार्ट अटॅकनं गेले. गावासाठी ते कांदाकाकाच गेले. कोणाला न सांगण्याचा त्यांचा शब्द मी ते असेपर्यंत पाळला. आता प्रज्ञाच म्हणाली, लिही; तिची पोरगी अंगणात धावत असते, मावशींना काय वाटायचं ते वाटू दे.